नवऱ्यासकट बोलावणं

सही मी केली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या नात्यात अजूनही काही जणांना वाटतं की ती सही सासूबाईंची होती. त्यांनी पेन हातातसुद्धा घेतलं नव्हतं.

संक्रांतीच्या आधीचा आठवडा होता. थंडीमुळे शाळांना सुट्टी दिली होती, म्हणून मी घरी होते. मी अयोध्या नगरच्या एका शाळेत चौथीला शिकवते. साडेनऊ वाजले तरी धुकं उठलं नव्हतं. सासूबाई अंगणात एका साडीला फॉल लावत बसल्या होत्या आणि मला तिसऱ्यांदा विचारत होत्या, "सुचेता, ह्यांना बघितलंस का गं?" तेवढ्यात फोन आला.

"गोपीनाथ उमालकर आपके कौन लगते हैं?"

"ससुर."

"टाउनशिप की सिक्योरिटी चौकी से बोल रहा हूँ. इनकी जेब की पर्ची पे ये नंबर मिला. आके ले जाइए. किसी के घर में घुस गए थे."

सासूबाईंनी सुई साडीत तशीच टोचून ठेवली आणि चप्पल घालून माझ्या आधी फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. अवधपुरीतल्या आमच्या घरापासून सासऱ्यांच्या कारखान्याच्या टाउनशिपची चौकी तीन किलोमीटर. स्कूटीवर त्या माझ्या मागे बसल्या. सबंध रस्ता माझ्या खांद्यावरची त्यांची बोटं घट्ट होत होती.

चौकीत बाबा भिंतीशी जमिनीवर बसले होते. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा आणि मातीने भरलेला. पायजमा पुढून ओला होता. डाव्या गालावर लाल उमटलं होतं. पण हात कामात होते. गळ्यातला मफलर काढून ते शेजारच्या स्टुलाच्या पायाला गुंडाळत होते. एक वेढा, त्याच्या बरोबर अर्ध्यावर दुसरा वेढा, त्याच्या अर्ध्यावर तिसरा. बाबा कारखान्यात वाइंडर होते, तिथे सगळे त्यांना मास्टर म्हणायचे. तांब्याच्या जाड पट्ट्यांवर अडतीस वर्षं त्यांनी अशीच टेप गुंडाळली. वेढा अर्ध्यापेक्षा कमी बसला तर मशीन जळतं, असं ते विनायकला लहानपणी सांगायचे म्हणे. विनायक म्हणजे माझा नवरा. तो मंडीदीपच्या एका कारखान्यात आहे आणि त्या वेळी तिथेच ड्यूटीवर होता.

घडलं होतं ते असं. बाबा निवृत्त होईपर्यंत बावीस वर्षं हे लोक टाउनशिपच्या एकाच क्वार्टरमध्ये राहिले. त्या दिवशी सकाळी स्वेटर-टोपी घालून ते घरातून निघाले ते थेट त्या जुन्या क्वार्टरला पोचले. परसदाराची कडी बाहेरून भिंतीवरून हात घालून उचलता येते. हे ज्याने तिथे दिवस काढलेत त्यालाच माहीत. त्यांनी कडी उचलली, आत गेले, स्वेटर काढून खिळ्याला अडकवला, शर्ट काढला आणि नळ गळतो म्हणून त्याला चिंधी गुंडाळायला बसले. आता तिथे कांचन नावाची मुलगी राहते. मुलताईची, मराठी समजतं पण बोलते हिंदीत, घरात तीन महिन्यांचं बाळ, नवरा पहिल्या पाळीला गेलेला. ती लंगोट वाळत घालायला मागे आली तर उघड्या अंगाचा एक म्हातारा तिला म्हणाला, "शालू, टॉवेल आण." शालू म्हणजे माझ्या सासूबाई.

ती ओरडली. तिच्या जागी मी असते तर मीही ओरडले असते. शेजारचे धावून आले आणि त्यातल्या एकाने काही न विचारता हात उचलला. मग चौकीवर कांचनच्या नावाने तक्रार लिहिली गेली. ओळखणारं कुणी नव्हतं. बाबांच्या बरोबरीचे सगळे निवृत्त होऊन कुठे कुठे पांगले. आता प्रत्येक दारावर नव्या माणसांची पाटी आहे.

चौकीच्या सुपरवायझरने टेबलावर कागद सरकवला. "बुज़ुर्ग हैं इसलिए थाने नहीं भेजा. ये लिख के दे दीजिए, बात ख़तम."

कागदावर लिहिलं होतं की यापुढे हा इसम टाउनशिपच्या हद्दीत शिरणार नाही आणि घरचे त्याला घरात बंद ठेवतील. सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि कागद परत सरकवला.

"हे मी लिहून देणार नाही."

"तो फिर थाने चलिए अम्मा."

"चला."

त्या खरंच उठल्या. मला मात्र बाबांचा ओला पायजमा दिसत होता, दारातून आत डोकावणारी माणसं दिसत होती. त्यात माझ्या शाळेतल्या एका मुलाचे वडीलही होते. मी कागद ओढला आणि सही केली. खाली लिहिलं, पुत्रवधू. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग खाली बसून पदराने बाबांचा मातीने भरलेला पाय पुसला आणि स्वतःची चप्पल त्यांच्या पायात घालून अनवाणी चौकीबाहेर पडल्या.

डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. डिमेन्शिया. मेंदूचा आजार आहे, हे वेड नाही आणि नुसतं म्हातारपणही नाही. हळूहळू वाढत जाईल. त्यांना रागावू नका, चुका काढू नका, ओळखीच्या वाटेने चालू द्या, आणि मुख्य म्हणजे आसपासच्या लोकांना सांगून ठेवा. बाकीचं आम्ही जमेल तसं केलं. शेवटचं तेवढं केलं नाही. विनायक म्हणाला, कशाला गावभर करायचं. मीही मान डोलावली. कुणी विचारलं तर म्हणायचं, "बाबांना जरा विसरायला होतं." हे 'जरा' काय होतं ते आमच्या घराला ठाऊक. सासूबाई त्यांना आंघोळ घालायच्या, दात घासून द्यायच्या, घास पुढे केला की तोंड उघडा असं सांगायच्या. वय अडुसष्ट, गुडघे गेलेले. वर फॉल-पिकोचं काम चालूच.

सही केली त्याच दिवशी संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून कुलूप आणलं. विनायक म्हणाला, बरं केलंस. पुढच्या लोखंडी जाळीला ते लागलं आणि किल्ली माझ्याकडे राहिली.

पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता बाबा स्वेटर-टोपी घालून जाळीशी उभे राहिले. आधी त्यांनी सभ्यपणे सांगितलं. "गेट उघडा, पहिली पाळी आहे." मग जाळी हलवली. मग दोन्ही हातांनी हलवली. शेजारच्या घरातून कुणीतरी बघून गेलं. दुपारपर्यंत ते तिथेच. सासूबाईंनी जेवायचं ताट जाळीशी आणलं, उभ्यानेच भरवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मनगटाला धरून सासूबाईंना ढकललं. काकण फुटून तळव्यात रुतलं. मी काच काढत होते तर त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा हात उचलला गं त्यांनी माझ्यावर, सत्तेचाळीस वर्षांत." तिसऱ्या दिवशी पाय सुजले. आयुष्यभर चालणारा माणूस, रोज सहा किलोमीटर झाल्याशिवाय त्यांचं पोट साफ होत नसे. ते बंद झालं. आंघोळीला नाही म्हणायचे, औषधाला नाही म्हणायचे. जाळीच्या गजांना ते चिंध्या गुंडाळत बसायचे. चिंध्या संपल्या की माझी ओढणी, मग टेबलावरचा कपडा. गज खालून वर झाकले गेले. एकाही ठिकाणी वेढा चुकला नव्हता, हे मी बोट फिरवून बघितलं, आणि मला स्वतःची लाज वाटली. तरी किल्ली काढून दिली नाही. भीती वाटत होती. ती खरी होती.

पाचव्या दिवशी ते जाळी सोडून संडासलाही गेले नाहीत. उभ्या उभ्या झालं. सासूबाई बादली-फडकं घेऊन खाली बसल्या. गुडघा टेकताना त्यांच्या तोंडून आवाज निघाला. बाबांनी खाली वाकून त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा एकदम पडला.

"माफ करा बाई," ते म्हणाले. "तुम्हाला त्रास झाला. काय करू, सुपरवायझर सोडत नाही."

सासूबाईंनी फरशी पुसून घेतली. बाबांना न्हाणीघरात नेऊन धुतलं, पुसलं, धुतलेला पायजमा चढवला. मग साबणाच्या हातांनीच स्वयंपाकघरात आल्या.

"किल्ली दे."

मी दिली.

"त्यांचा सुपरवायझर मी नाही व्हायची," त्या म्हणाल्या.

विनायक संध्याकाळी आला तेव्हा जाळी उघडी होती आणि बाबा समोरच्या रस्त्यावर सासूबाईंबरोबर फेऱ्या घालत होते. घरात आल्यावर त्याने चपला काढायच्या आधी सुरू केलं.

"आई, लिहून दिलंय आपण. पुन्हा पकडलं तर?"

"लिहून मी नाही दिलं."

"आणि गाडीखाली आले तर? हायवेपर्यंत गेले तर? कोण जबाबदार?"

"मी."

"हे बोलायला सोपं आहे."

सासूबाईंनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर बसल्या. "विनू, ते गाडीखाली आले तर मी मरेपर्यंत रडेन. ते माझं मी बघेन. पण ते माझ्याच घरात माझी माफी मागत उभे राहणार असतील, तर मला हे घर नको. तीन वर्षं तुझं ऐकलं. कुणाला सांगू नको म्हणालास, नाही सांगितलं. लोकांना माहीत असतं तर तो हात उचलला गेला असता का? त्यांना मारलं ते आपण गप्प बसलो म्हणून."

विनायकने आता कुठे चपला काढल्या. मग म्हणाला, "लोक हसतील."

"हसू दे."

त्या रविवारी सासूबाईंनी बाबांचा करडा स्वेटर काढला आणि लाल लोकरीने पाठीवर अक्षरं भरायला घेतली. हिंदीत. भूलने की बीमारी है, साथ चलिए. खाली माझा मोबाइल नंबर. विनायकने ते बघितलं आणि उठून बाहेर गेला. आपल्या बापाच्या पाठीवर असं काही लिहिलेलं बघणं सोपं नसतं. नंबरातला सात त्यांच्याकडून दोनदा बिघडला. शेवटी तो मी भरला.

मग आलं हळदीकुंकू. आमच्याकडे संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत केव्हाही होतं आणि दरवर्षी सासूबाई वीस-पंचवीस ओळखीच्या बायकांना फोन करतात. या वर्षी त्या म्हणाल्या, फोन नाही, दारोदार जायचं, पूर्वीसारखं. आणि कुंकवाचा करंडा पिशवीत टाकून त्यांनी बाबांना हाक मारली, "अहो, चला."

"आई, बाबांना कुठे?"

"बोलावण्याला."

"हळदीकुंकवाच्या?"

"त्यांच्या नावाचंच कुंकू लावते ना मी? मग त्यांना बघू दे कोणाकोणाला बोलावते ते."

तर अशी आमची वरात निघाली. पुढे सासूबाई, त्यांच्या हाताला धरून बाबा, पाठीवर लाल अक्षरं, आणि मागे माझ्या फोन नंबराच्या चिठ्ठ्यांची पिशवी घेऊन मी. अवधपुरीच्या आमच्या गल्लीपासून टाउनशिपच्या त्या क्वार्टरपर्यंत बाबांची जी वाट, त्या वाटेवरचं एकही दार सोडायचं नाही, असं सासूबाईंनी ठरवलं होतं. मराठी, बिहारी, बंगाली, केरळी, सगळी दारं. सवाष्ण की विधवा हेही त्यांनी कुठे विचारलं नाही. दार उघडलं की कुंकू लावायचं आणि सांगायचं. मराठी असेल तर मराठीत, नाहीतर त्यांच्या त्या हिंदीत.

"ये मेरे मिस्टर है. इनको भूलने का बीमारी है. पागल नहीं है, चोर नहीं है. रोज इसी रस्ते से जायेंगे. दिखे तो मास्टर बोलके आवाज देना. रोकना नहीं, थोडा साथ में चलना. और शुक्रवार को हल्दी-कुंकू को आना."

पहिल्या चार-पाच घरांत माझे कान गरम झाले होते. एका बाईने दार अर्धवट लावून घेतलं. एकीने विचारलं, ये छूत से तो नहीं होता? सासूबाई म्हणाल्या, होता तो मेरे को पहले होता. त्या बाईला हसू आलं आणि तिने बाबांना पाणी दिलं.

कोपऱ्यावरच्या घरात मंदाकिनीताई राहतात, महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांनी आम्हा तिघांना दारात बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"शालिनीताई, बोलावण्याला नवरा घेऊन कुणी फिरतं का हो? मंडळात काय बोलतील बायका?"

"ह्यांना डिमेन्शिया आहे, मंदाकिनी. तीन वर्षं तुला खोटं सांगत होते की कान जड झालेत म्हणून बोलत नाहीत."

मंदाकिनीताईंनी बाबांकडे बघितलं. बाबा त्यांच्या पडद्याची दोरी गजाला गुंडाळत होते. "अहो पण हे असं उंबऱ्याउंबऱ्यावर जाऊन सांगायचं? घरातली गोष्ट घरात राहावी."

"घरात ठेवून बघितली. पाच दिवस. कुलूप लावून."

आम्ही निघालो तर मंदाकिनीताई फाटकापर्यंत मागे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "माझी मोठी जाऊ आहे नागपूरला. तिचंही असंच झालंय, मागच्या खोलीत ठेवलंय. दिवाळीला गेले तर मी दारातूनच बघून आले, आत गेले नाही." सासूबाईंनी त्यांना पुन्हा एकदा कुंकू लावलं. "पुढच्या वेळी आत जा," एवढंच म्हणाल्या.

चौकीवर शिपायाने काठी आडवी धरली. तोच सुपरवायझर आतून आला.

"अम्मा, आपने लिख के दिया है."

"मैंने दिया है," मी म्हणाले. "दस्तख़त मेरे हैं. वापस लेती हूँ."

"दस्तख़त वापस नहीं होते मैडम. फाइल ऊपर गई."

"तो नया कागद दो," सासूबाई म्हणाल्या. "मैं बोलती हूँ, तुम लिखो. गोपीनाथ मास्टर रोज आयेंगे. उनको रोकने का नहीं. पानी पूछने का. इस नंबर पे फोन करने का."

"ऐसा कागज़ नहीं बनता."

"आदमी को कोंड के रखने का बनता है, ये नहीं बनता?"

सुपरवायझरला कोंडणं म्हणजे काय ते कळलं असावं. तो वैतागला. "कंप्लेंट वाली पार्टी जब तक वापस नहीं लेती, मैं कुछ नहीं कर सकता. समझिए मेरी बात."

"ठीक है. उसी के घर जा रहे है. पकडना है तो दोनों को पकडो." त्यांनी बाबांचा हात धरला आणि आडव्या काठीला पोट लागेपर्यंत चालत गेल्या. शिपाई पंचविशीचा असेल. कुंकवाचा करंडा घेतलेल्या म्हाताऱ्या बाईला काठीने मागे कसं ढकलायचं ते त्याला सुचेना. त्याने सुपरवायझरकडे बघितलं. सुपरवायझर रजिस्टर शोधायला आत गेला. काठी वर गेली.

जुन्या क्वार्टरचं दार कांचनने साखळी लावूनच उघडलं. बाबांना बघून ती मागे सरली. आत बाळ रडायला लागलं.

सासूबाईंनी बाबांना माझ्याकडे दिलं आणि दोन पायऱ्या खाली उतरून उभ्या राहिल्या. "तू मराठी समझती है ना? ऐक. तू भ्यालीस ते बरोबर होतं. एकट्या बाईच्या घरात उघडा माणूस आला तर कुणीही ओरडेल. मी माफी मागायला आलेय. ह्यांच्या वतीने."

"मैं अकेली थी आंटी," कांचन फटीतून म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "दो दिन नींद नहीं आई मुझे. बच्चे को लेके भागी थी मैं."

"हो गं पोरी."

"पर मारना नहीं चाहिए था उनको. मैंने बोला भी, मत मारो. किसी ने सुना नहीं."

सासूबाईंनी आपलं सगळं सांगितलं. बावीस वर्षं इथे राहिलो, विनायक ह्याच घरात चालायला शिकला, डोक्यात त्यांच्या आता हेच घर उरलंय. आमचं अवधपुरीचं घर त्यांना परकं वाटतं. मग म्हणाल्या, "माफी मागते, पण बंद नाही ठेवणार. ते पुन्हा येतील. आज ना उद्या येतीलच. तुला आधी फोन करेन. मागच्या दाराला आतून कुलूप घाल, ते पुढून येतील असं मी बघेन. तू त्यांना पायरीवर बसव आणि मला कळव. जमेल?"

कांचनने आत रडणाऱ्या बाळाकडे वळून बघितलं. "मिस्टर से पूछना पड़ेगा."

"विचार."

कुंकू लावायला तिने साखळी काढली नाही. फटीतून कपाळ पुढे केलं. सासूबाईंनी त्या फटीतूनच लावलं. परतताना बाबा सारखे मागे वळून बघत होते आणि मला विचारत होते की आपण घरी आलो होतो ना, मग निघालो कशाला.

शुक्रवारी आमच्याकडे सतरा जणी आल्या. साठ दारं ठोठावली होती. मंदाकिनीताई आल्या आणि मंडळाच्या आणखी चौघींना घेऊन आल्या. छूत लागते का म्हणून विचारणारी ती बाई आली. बाबा मधोमध खुर्चीवर बसले होते आणि तिळगुळाच्या पुड्यांना दोरा गुंडाळून देत होते. बायका सुरुवातीला त्यांच्याकडे बघायचं टाळत होत्या, मग कुणीतरी म्हणालं, मास्टर, मला पण एक द्या, आणि रांग लागली. कांचन काही आली नाही. पण संध्याकाळी तिचा मेसेज आला. चौकीवरचा तक्रारीचा अर्ज मागे घेतला. पुढे लिहिलं होतं, मिस्टर का डर अभी गया नहीं, पर मैं देख लूँगी.

रविवारी सकाळी सात वाजता बाबा स्वेटर-टोपी घालून जाळीशी आले. जाळी उघडी होती. ते थबकले. सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही. रोज त्या बरोबर जायच्या. आज उठल्या नाहीत. गुडघा रात्रभर ठणकला होता.

"आई, मी जाऊ मागे?"

"बस. साठ दारं कशाला फिरलो आपण?"

बाबा बाहेर पडले. विनायक खिडकीशी उभा होता. पाठीवरची लाल अक्षरं वळणापर्यंत दिसली, मग धुक्यात गेली. मटार सोलून झाले तरी सासूबाई रिकाम्या शेंगा पुन्हा पुन्हा उघडत होत्या. माझा फोन मधोमध ठेवला होता.

पहिला फोन मंदाकिनीताईंचा. "चौकापर्यंत मी बरोबर होते गं. रस्ता ओलांडून दिलाय." मग वीस मिनिटं काही नाही. विनायकने गाडीची किल्ली हातात घेतली, सासूबाईंनी ती काढून घेतली. मग एक अनोळखी आवाज, "मैडम, चौकी से. बाबूजी निकले हैं अभी. पानी पिया." मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

पुन्हा पाऊण तास. शेवटी कांचन. "आ गए आंटी. सीढ़ी पे बैठे हैं. बोल रहे हैं शालू को बुलाओ."

सासूबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. गेलं वर्षभर घरात ते त्यांना बाई म्हणत होते, कधी सिस्टर, कधी काहीच नाही. त्यांनी तोंड धुतलं, केस नीट केले, धुतलेली साडी नेसल्या आणि विनायकला म्हणाल्या, "मला सोड तिथे." आम्ही तिघंही निघालो.

बाबा पुढच्या पायरीवर उन्हात बसले होते. कांचन दारात उभी होती, बाळ कडेवर. साखळी काढलेली होती. सासूबाई फाटक उघडून आत गेल्या आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. बाबांनी मान वर करून त्यांच्याकडे नीट बघितलं. बाबा थोडे सरकले, बाजूची पायरी हाताने झाडली.

"बसा बाई," ते म्हणाले. "आमची मंडळी येईलच एवढ्यात."

विनायकने तोंड फिरवलं. सासूबाई गुडघ्यावर हात देऊन हळूहळू खाली बसल्या, त्यांच्या खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ.

"बसते की," त्या म्हणाल्या. "मलाही तिलाच भेटायचंय."

कांचन रडायला लागली होती. सासूबाईंनी वळून तिच्याकडे बघितलं. "रडतेस काय? चहा ठेव, ह्यांच्यात साखर कमी. पिऊन झाला की आम्ही चालत परत जाणार, चौकीवरून. उद्या पुन्हा येणार आहोत."